चालू न होणाऱ्या संगणकाची हार्ड डिस्क कशी तपासावी?

प्रश्न (खानापूर): वीज अचानक गेल्यापासून संगणक विंडोजच्या चिन्हापाशीच अडकतो. दुकानाचे सगळे हिशेब त्यातच आहेत. डिस्क घरी तपासता येईल का?

उत्तर (निपाणी): येईल, मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास संगणक तत्काळ बंद करावा. आवाज नसेल, तर लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून हिशेब आधी दुसरीकडे उतरवून घ्यावेत, कारण दुरुस्तीच्या ताणाने कमकुवत डिस्क पुरतीच बसू शकते. मगच विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून चेकडिस्क ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा ‘आर’ पर्यायासह (chkdsk /r) चालवावी. त्याला कित्येक तास लागू शकतात.

उत्तर (बेळगाव): त्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ड्राइव्हचे अक्षर (सी, डी इत्यादी) बदललेले असू शकते, ते आधी पाहावे. स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या स्थितीची ठेवते ती नोंद) खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचे निकामी भाग, वाढताना दिसले, तर दुरुस्तीचा नाद सोडून सरळ नवी डिस्क घ्यावी.