प्रत्येक नक्षीत "पूर्वजांचा गुप्त संदेश" शोधणं थांबवा

उभाआडवा
गेले काही दिवस एक पोस्ट फिरतेय, इथेही कुणीतरी डकवली होती. जुन्या कापडावरची, भिंतीवरची, भांड्यावरची प्रत्येक नक्षी म्हणजे पूर्वजांनी सोडलेली लिपी आहे म्हणे. त्रिकोण म्हणजे स्त्रीशक्ती, नागमोडी रेघ म्हणजे पाणी, चौकटीतली चौकट म्हणजे ब्रह्मांड, आणि आपण करंटे ती भाषा विसरलो. खाली नुसते नमस्कार. तिथे दोन ओळींत भागेना म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तुर्कस्तानातल्या किलीमचा, म्हणजे बिनलवीच्या सपाट विणलेल्या गालिच्याचा, फोटो त्या पोस्टमध्ये सगळ्यात वर आहे म्हणून तिथूनच सुरू करतो. त्या पायऱ्यापायऱ्यांच्या तिरक्या आकारांचं कारण विणीत आहे. त्या विणीत दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या हद्दीवरूनच मागे वळतो, त्यामुळे हद्द सरळ उभी नेली तर तिथे फट पडते, आणि फट लांब झाली की कापड कमजोर. म्हणून विणणारी बाई दर थोड्या ओळींनी एक-दोन धागे बाजूला सरकते. झाली पायरी. पायऱ्या दोन्हीकडून आल्या की झाला त्रिकोण. यात स्त्रीशक्ती असेल तर ती विणणाऱ्या बाईच्या बोटांत आहे.

आणि तो कमरेवर हात ठेवल्यासारखा दिसणारा आकार, ज्याला सगळे मातृदेवता म्हणतात, त्याची गोष्ट तर संताप आणणारी आहे. जेम्स मेलार्ट या पुरातत्त्वज्ञाने तुर्कस्तानातल्या चातालह्युयुक या नवाश्मयुगीन वस्तीत 1961 ते 1965 उत्खनन केलं. आणि 1989 मध्ये, म्हणजे इतक्या वर्षांनी, तिथल्या भिंतींवर हेच किलीमचे नमुने होते म्हणून चित्रं छापली. फोटो एकाचाही नाही. तो वारल्यानंतर 2018 मध्ये त्याच्या घरात अशा चित्रांचे कच्चे नमुने सापडल्याचं जाहीर झालं, म्हणजे चित्रं त्यानेच घडवली होती. तोवर हजारो वर्षांची देवी जगभर पसरून झाली होती, अजून पसरतेच आहे.

निळ्या-पांढऱ्या बशांवर पूल, विलोचं झाड आणि दोन पक्षी असतात, पळून गेलेल्या प्रेमी जोडप्याची ती "प्राचीन चिनी कथा" पण तशीच. नक्षी इंग्लंडच्या कारखान्यांतली, 18व्या शतकाच्या अखेरची, आणि कथा त्यानंतर इंग्लंडमध्येच रचलेली. माझं म्हणणं एवढंच की नक्षी आधी हातातून, हत्यारातून आणि मालातून येते, अर्थ मागून येऊन बसतो.

सांजवेल
ती पोस्ट मीच डकवली होती आणि तुमचा सूर मला अजिबात आवडला नाही. तुम्ही दोन खोट्या कथा निवडल्यात आणि त्यावरून सगळ्या जगाच्या नक्षीतून अर्थ पुसून टाकलात. घानातल्या असांते लोकांचं ठशांनी छापलेलं अदिंक्रा कापड बघा. 1817 मध्ये बोडिच या इंग्रजाने गोळा केलेलं एक कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यावरच्या ठशांना नावं आहेत, प्रत्येकामागे म्हण किंवा विचार आहे आणि तिथली माणसं तो आजही सांगतात. त्यात कुठली फट पडत होती? चीनमध्ये मिंग काळात 1391 सालापासून कुठल्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या छातीवर कुठला प्राणी हे कायद्याने ठरलेलं होतं, मुलकी असेल तर पक्षी, लष्करी असेल तर चतुष्पाद. तो पक्षी मागामुळे आला?

माझी आई भरतकाम करायची. आम्हा भावंडांपैकी प्रत्येकाच्या कपड्यावर वेगळं फूल असायचं आणि का ते फक्त तिला नि आम्हाला माहीत होतं. उद्या कुणी तज्ज्ञ येऊन म्हणेल की हा टाका असाच वळतो, अर्थबिर्थ काही नाही. तो टाक्याबद्दल खरं बोलेल आणि माझ्या आईबद्दल साफ चुकीचं.

उभाआडवा
अदिंक्रा मान्य. तिथे अर्थ लिहून ठेवलेला आहे, माणसं सांगतात, मला काही अडचण नाही. मिंगचा पक्षी म्हणजे गणवेश, तिथे अर्थ हुकमानेच दिला होता. पण तुमच्या पोस्टमध्ये "प्रत्येक" लिहिलंय. आईच्या फुलाचा अर्थ आईने सांगितला म्हणून तुम्हाला कळला ना? मग ज्या बाईने किलीम विणलं तिला कुणी विचारलं होतं का?

शून्यबिंदू
दोघंही मूळ गोष्ट विसरताय. नक्षी म्हणजे गणित. सपाट पृष्ठभाग एकाच नमुन्याने भरायचे सममितीचे प्रकार बरोबर 17 असतात, हे फेदोरोव या रशियन शास्त्रज्ञाने 1891 मध्ये सिद्ध केलं, आणि स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हंब्रा राजवाड्यात ते सतराच्या सतरा 14व्या शतकातच भिंतीवर लावलेले आहेत. म्हणजे सिद्धतेच्या पाचशे वर्षं आधी! यावर कुणी बोलत नाही, सगळे देवी नि फटी घेऊन बसलेत. शाळेत हे शिकवलं असतं तर अर्ध्या पोरांना भूमितीची भीती वाटली नसती, पण आपल्याकडे सूत्रं पाठ करून घेण्यातच वेळ जातो.

जाळीदार
शून्यबिंदू, सतरा हा आकडा इतका ठामपणे नका सांगू. एडिथ म्यूलरने 1944 मध्ये अल्हंब्रातले प्रकार मोजले तेव्हा सतरा भरले नव्हते. नंतरही गणितज्ञांचं त्यावर एकमत नव्हतं, कारण रंग धरायचा की सोडायचा, कडेची एखादी पट्टी "पृष्ठभाग" मानायची का, यावर आकडा बदलतो. आणि सतरा भरले तरी कुणीतरी यादी करून लावले असं त्यातून निघत नाही.

शून्यबिंदू
यादी नसेल, जाण होती ना! इराणमधल्या इस्फहानचा दर्ब-ए-इमाम दर्गा घ्या, 1453 सालचा. लू आणि स्टाइनहार्ट या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की तिथली गिरिह, म्हणजे सरळ रेघांच्या तारे-बहुकोनांची, नक्षी जवळजवळ क्वाझिक्रिस्टलसारखी आहे, म्हणजे शिस्तबद्ध पण ठरावीक अंतराने तशीच परत न येणारी. पेनरोज या गणितज्ञाने तशा फरश्या मांडल्या 1970 च्या दशकात. हे हातातून आणि मालातून आलं असं उभाआडवा म्हणणार का?

फरशीवाला
आता मी बोलतो कारण इथे कुणाच्याच हाताला चुना लागलेला दिसत नाही. वडील फरशीचं काम करायचे, मी पण लहानपणापासून त्यांच्याबरोबर, आता स्वतः करतो. उभाआडवा साहेब, तुमचं विणीचं बरोबर आहे पण "हातातून येते" हे वाक्य फार टोचलं. हात काय आपोआप चालतो? उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याला सामानी राजांची कबर आहे, 10व्या शतकातली, सगळी नक्षी साध्या विटेची, वीट आडवी, उभी, तिरकी, आत ढकललेली, बाहेर काढलेली. मालातून आली ना नक्षी? आली. पण तीच वीट घेऊन हजार गवंड्यांनी नुसत्या भिंती बांधल्या. एकाने डोकं चालवलं. तुम्ही म्हणता तसं माल आणि हत्यारच सगळं करत असतं तर मला माझ्या वडिलांसारखं काम पहिल्याच दिवशी जमलं असतं.

आणि शून्यबिंदू, तुमच्या गणितज्ञांनी पाचशे वर्षांनी शोधलं म्हणून कारागिराचं मोठेपण? गणितवाल्याने मान डोलावली की मगच ते काम थोर, हे मला पटत नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात नक्षींची एक लांबच लांब गुंडाळी आहे, 114 आराखडे, तिथे कागदावर शाईच्या रेघांखाली नुसत्या टोकाने ओरखडलेल्या रेघा आहेत. ते गवंड्याचं गणित. त्यात सिद्धता नाही, कृती आहे, आणि ती त्याला पुरत होती.

शून्यबिंदू
मी कारागिराला कमी लेखलेलं नाही, उलट मी त्याला गणितज्ञ म्हणतोय, याहून मोठा मान कुठला?

फरशीवाला
गवंडी म्हणा की. तेवढा मान पुरे आहे.

सांजवेल
दर्ब-ए-इमामवर काही तुकडे चुकीचे बसलेत असं त्याच संशोधनात आहे ना? त्या चुका मुद्दाम ठेवलेल्या असतात, कारण परिपूर्ण फक्त ईश्वर. गालिच्यांतही ठेवतात. म्हणजे अर्थ आहेच.

फरशीवाला
ताई, रागावू नका, पण हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एका मोठ्या कामात माझ्याकडून एक तुकडा उलटा बसला, सांधे सुकल्यावर दिसला, वडील मला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रात्री बसून काढला. वडील स्वतः देवभक्त होते. देवाला मान द्यायला कुणाला चूक मुद्दाम करावी लागत नाही, नीट करायला घेतलं तरी होते. आणि मुद्दाम चूक केली म्हणणं म्हणजे बाकीचं आम्ही देवाइतकं परिपूर्ण केलं असा दावा झाला, त्यात कसली आली नम्रता?

सांजवेल
हे मी असं कधी ऐकलं नव्हतं. चुकांचा मुद्दा सोडते. बाकीचा नाही सोडत.

उभाआडवा
फरशीवाला, "हातातून" म्हणताना डोकं वगळायचं माझ्या मनात नव्हतं. काश्मीरच्या कानी शालीत तर डोकं कागदावर दिसतं, नक्काश नक्षी काढतो, मग तिची तालीम, म्हणजे विणकराची सूचनापत्रिका लिहितात, कुठला रंग किती धाग्यांवर, आणि विणकर ती वाचून विणतात. त्या कागदात सगळी शाल आहे आणि संदेश एकही नाही. शालीवरची कोयरीसुद्धा 17व्या शतकात मुळांसकट एक साधं फुलझाड होतं, मग गुच्छ झाला, मग तो गुच्छ दाट होत होत वरून वाकला. पुढे लोकांनी त्यात आंबा पाहिला, ज्योत पाहिली, सुरू पाहिला.

जाळीदार
तुम्ही सगळं मागावर नेऊन सोडता म्हणून इतका वेळ थांबलो होतो. हा वाद जर्मन जगात 19व्या शतकातच झालाय. झेंपर हा वास्तुविशारद म्हणाला नक्षीचं मूळ तंत्रात आणि मालात. रीग्ल या कलेतिहासकाराने 1893 मध्ये झेंपरच्या शिष्यांना उत्तर दिलं, कमळाचं फूल इजिप्तहून ग्रीसला आणि पुढे अरबी वेलीपर्यंत कसं बदलत गेलं ते दाखवलं, माल बदलला, हत्यार बदललं, तरी वेल चालूच राहिली. तुमची कोयरी रीग्लच्या बाजूची आहे, तुमच्या नव्हे. मुळांचं झाड वाकून कोयरी होणं हे कुठल्या फटीने सांगता येतं?

आता भाजे-कार्ल्याला या. दगड कोरताना छताला फासळ्यांची गरज शून्य. तरी कार्ल्याच्या चैत्यात छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्यात आणि त्या आजही तिथे आहेत. भिंतींवर वेदिकेची पट्टी कोरलीय, म्हणजे लाकडी कठड्याच्या खांबांतून आडव्या पट्ट्या ओवल्यात तसा सगळा देखावा, आणि त्या उंचीवर टेकायला कुणी जाणार नाही. लाकडाचं तंत्र दगडात आणण्यात कष्टच जास्त. मग का आणलं? कारण स्तूपाभोवती वेदिका असते, वेदिका दिसली की जागा पवित्र, हे बघणाऱ्याला कळत होतं. इथे तंत्र मरून गेल्यावर अर्थानेच नक्षी जगवलीय.

सांजवेल
हेच! हेच मी म्हणत होते.

जाळीदार
नाही ताई, तुम्ही त्रिकोण म्हणजे स्त्रीशक्ती म्हणत होतात. वेदिकेचा अर्थ सांगायला सांचीचा खराखुरा कठडा उभा आहे. तुमच्या त्रिकोणामागे काय उभं आहे?

उभाआडवा
कार्ल्याचं मानावं लागतंय. तरी ती वेदिका मुळात सुतारकामातूनच आली एवढं तुम्हीही नाकारू शकत नाही. कोयरीबद्दल मात्र मी मागे हटत नाही. कानी वीण तिरकी चालते आणि छोट्या लाकडी काड्यांवर रंग फिरवतात, म्हणून तो बाक इतका मऊसूत निघतो. हीच कोयरी किलीमच्या विणीत काढा, पुन्हा पायऱ्याच येतील.

जाळीदार
पायऱ्या येतील, पण कोयरीच्या. पायऱ्या वीण देईल, कोयरी नाही देणार.

फरशीवाला
दोघांनी जुन्या गालिच्यांचे कोपरे बघा. काठाची वेल कोपऱ्यावर सफाईने वळली असेल तर आधी कागदावर आखलीय. आडवी वेल उभीला धडकून मध्येच तुटली असेल तर विणणारी डोक्यातून विणत होती, आणि कोपरा येईपर्यंत किती जागा उरणार हे तिला आधी माहीत नव्हतं. दोन्हीकडे तीच वीण, तीच लोकर आणि बऱ्याचदा तेच फूल. यातलं तंत्र किती नि अर्थ किती ते तुम्ही ठरवा, मी आधी कोपराच बघतो.