सुटी डेब फाइल: डीपीकेजी की ॲप्ट?

कमांडकट्टा: उबंटू-डेबियन या लिनक्सवर डाउनलोड केलेल्या डेब फाइलने (म्हणजे सॉफ्टवेअरचं पॅकेज असलेल्या फाइलने) एखादं पॅकेज अपग्रेड करायचं असेल, तर ‘डीपीकेजी -आय’ ही थेट फाइलमधून इन्स्टॉल करणारी कमांड वापरूच नये असं माझं मत. ते डिपेंडन्सी, म्हणजे त्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस, आणून देत नाही. नव्या आवृत्तीला एखादी जास्तीची लायब्ररी लागली की जुनं गेलेलं, नवं उलगडलेलं पण कॉन्फिगर न झालेलं, असं पॅकेज त्रिशंकू लटकतं. मग ॲप्ट या डिपेंडन्सीसकट पॅकेज आणणाऱ्या साधनाने ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवायचं. लायब्ररी रेपोत (पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारात) मिळाली तर ठीक, नाहीतर ते तुमचं पॅकेजच काढायला निघतं, आणि लोक न वाचता ‘वाय’ दाबतात. ॲप्ट १.१ पासून (२०१५) ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइल.डेब’ चालतं. ते ‘./’ मात्र गाळू नका, नाहीतर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रेपोत शोधत बसतं.

रूटवाला: असहमत. डीपीकेजी सांगितलं तेवढंच करतं, हाच त्याचा गुण. नेट नसलेल्या सर्व्हरवर सगळ्या डेब एकाच कमांडमध्ये द्या. आधी सगळ्या उलगडतात, मग डिपेंडन्सीच्या क्रमाने कॉन्फिगर होतात. ॲप्ट कधीकधी भलतीच पॅकेजेस काढायची यादी पुढे करतं.

कमांडकट्टा: प्री-डिपेंड्स (उलगडण्याआधीच दुसरं पॅकेज कॉन्फिगर झालेलं हवं, अशी अट) असलं की तुमचा तो क्रम अडू शकतो. आणि ‘ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब’ नेटशिवायही चालतं, लागणाऱ्या फाइल सगळ्या हव्यात एवढंच. यादीची भीती वाटते? आधी ‘-एस’ लावून, प्रत्यक्ष काही न बदलता, रंगीत तालीम घ्या. उलट, चुकून जुनी फाइल दिली तर डीपीकेजी एका ओळीची ताकीद देऊन सरळ डाउनग्रेड करतं, म्हणजे जुनी आवृत्ती टाकतं. ॲप्ट विचारतं, ‘-वाय’ (प्रश्नांना आपोआप होकार) दिलं असेल तर ‘--अलाऊ-डाउनग्रेड्स’शिवाय नकारच देतं.

शंकासुर: कमांडवरून भांडताय, पण फाइल खरी असल्याची डिजिटल सही कोण तपासतंय? रेपोतल्या पॅकेजचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) सही केलेल्या रिलीज फाइलपर्यंत, म्हणजे रेपोच्या सूचीपर्यंत, जोडलेला असतो. सुट्या डेबला ते कवच नाही, कमांड कुठलीही वापरा. संकेतस्थळावरचा शा-२५६ चेकसम जुळवलात तरी, तो फाइलशेजारीच ठेवलेला असेल तर डाउनलोड अर्धवट नाही यापलीकडे फारसं सिद्ध होत नाही. पॅकेजमधल्या स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकारांनी, चालतात. ‘डीपीकेजी-डेब -ई’ने बाहेर काढून वाचा. शिवाय क्रोमसारखं पॅकेज पहिल्याच वेळी स्वतःचा रेपो जोडतं. मग दर वेळी डेब कशाला? ‘ॲप्ट अपडेट’ करा, मग ‘ॲप्ट इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड गूगल-क्रोम-स्टेबल’. यात पॅकेज आधी नसेल तर नव्याने टाकलं जात नाही.

रूटवाला: सहीचं मान्य. पण ज्यांचा रेपोच नाही त्यांचं काय? तिथे सुटी डेबच लागते. नेट असलेल्या मशीनवर ॲप्ट बरं, हेही मान्य. नेट नसलेल्या सर्व्हरवर मी डीपीकेजीच वापरणार. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: ईटीसी फोल्डरमधली तुम्ही बदललेली कॉन्फिग (सेटिंगची) फाइल नव्या पॅकेजमध्येही बदलली असेल तर कोणती ठेवायची असा प्रश्न येतो. नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते आणि नवी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने शेजारी पडते. ‘डी’ दाबून फरक बघूनच ठरवा.

कमांडकट्टा: आणि जुनी डेब फाइल पुसू नका. ॲप्ट सुट्या फाइलची प्रत आपल्या कॅशेत (साठवणीच्या फोल्डरमध्ये) ठेवत नाही, त्यामुळे मागच्या आवृत्तीवर जायची वेळ आली तर तीच लागेल.