एका रात्रीचा विषयही पुरतो
बी.ए.च्या मुलांनी आंतरराष्ट्रीय संबंधांवर कसलं संशोधन करायचं, मूळ कागद तर परदेशात, असं अनेकदा म्हटलं जातं, पण ते आता तितकंसं खरं नाही. क्यूबाचा क्षेपणास्त्र पेचप्रसंगच घ्या: सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवल्यावरून अमेरिकेशी युद्धाची वेळ आली होती. ‘सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने माघार घेतली’ एवढंच आपल्याला पाठ असतं. पण २७ ऑक्टोबर १९६२ च्या संध्याकाळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिनला भेटले. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढू, फक्त वाच्यता नको, असं सांगून आले. एप्रिल १९६३ पर्यंत ती गेलीही! दोब्रिनिनने मॉस्कोला पाठवलेली तार (इंग्रजी भाषांतरासह) आणि राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या बैठकांच्या ध्वनिफिती आज घरबसल्या मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिलं तरी संशोधनाची वीस पानं सहज होतील. ‘शीतयुद्धाची कारणे’ असला अवाढव्य विषय मात्र घेऊ नका.