मित्रांसोबत सिम्युलेटर खेळताना काय काय सोसलंत? अनुभव लिहा

शेतीच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे पडद्यावर शेती करायच्या गेममध्ये, आम्हा चार मित्रांचं सामाईक शेत आहे. गेल्या रविवारी ऐन कापणीत एकाचा कम्बाइन (कापणी-मळणीचं यंत्र) माझ्या स्क्रीनवर गहू कापत होता आणि त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर बांधाला अडकून उभा होता. पाच मिनिटांत सगळेच बाहेर फेकले गेलो आणि दोन तासांचं काम गेलं. फार वाईट वाटलं. खर्च, सर्व्हर, मॉड (गेममध्ये वरून टाकलेली जोड), नेट, तुम्हाला जे नडलं ते लिहा. उपाय सापडला असेल तर तोही सांगा.

कोल्हापूर
आम्ही दोघे भाऊ कन्सोलवर खेळतो. गेम विकत घेतला तरी ऑनलाइन खेळायची वर्गणी वेगळी, आणि दोन घरं म्हणून दोन वर्गण्या. त्यात त्याने नवा नकाशा घेतला, तर त्याच्या शेतावर जायला तोच नकाशा मलाही घ्यावा लागला. आता आधी फोनवर ठरवतो, मगच खरेदी.

पुणे
होस्टचा, म्हणजे ज्याच्याकडे गेम चालतो त्याचा, पीसी बंद की शेत बंद, म्हणून आम्ही सर्व्हर (कायम चालू राहणारा दूरचा संगणक) भाड्याने घेतला. बिल युरोत. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी ओटीपीने मंजुरी द्यावी लागते. आमची ती राहून गेली, हप्ता चुकला आणि काही दिवसांनी सर्व्हर पुसला गेला. आठ महिन्यांचं शेत होतं. कळकळीने सांगतो, दर आठवड्याला सेव्हची फाइल स्वतःच्या पीसीवर उतरवून ठेवा.

सातारा
माझा त्रास वेगळा. मी होस्ट केलं की कुणालाच आत येता येईना. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरच्यांना आत यायची वाट) उघडला, फायरवॉल तपासली, तीन रात्री त्यात गेल्या. शेवटी राउटरच्या पानावर वॅन आयपी (नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) पाहिला, तर तो 100.84 ने सुरू होणारा, आणि बाहेरून दिसणारा आयपी भलताच. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही4 चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते कमी पडतात, म्हणून नेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देते. 100.64 ते 100.127 यांमधला आकडा दिसला तर राउटरशी झटापट करू नका, घरचा पोर्ट उघडून काहीच होत नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा पत्ता) घ्या, त्याचे पैसे वेगळे पडतात. नाहीतर सगळ्यांनी मिळून एखादं व्हीपीएन जाळं (नेटवरून जोडलेलं आपलं खासगी जाळं) करा. आम्ही तेच केलं.

ठाणे
मॉडची आवृत्ती जुळली नाही की आत प्रवेशच नाही. आमच्याकडे 60 मॉड होते, आता 12 आहेत. मॉडची एकच झिप फाइल सगळ्यांना पाठवतो.

म्युनिक
मी इथे, धाकटा भाऊ नाशिकला, सर्व्हर फ्रँकफर्टला. मला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) 15 मिलिसेकंद, त्याला 150 च्या वर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किमीच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन 65 मिलिसेकंद तर कुणालाच चुकत नाहीत. शिवाय केबल वळणावळणाने येते. नेटचा प्लॅन वाढवून यात फरक पडला नाही, ते पैसे वायाच गेले. मग कामं वाटून घेतली. चालत्या कम्बाइनला ट्रेलर भिडवून धान्य घेणं माझ्याकडे, कारण तिथे जरा लॅग (उशीर) आला की धान्य मातीत जातं. नांगरणी त्याची. रविवारी तिकडे संध्याकाळ झाली की तो हेडफोन लावतो आणि आधी विचारतो, "दादा, आज कुठलं रान?"