नव्या क्रिप्टो प्रकल्पाची विश्वासार्हता कशी तपासावी?

प्रश्न:
एका नव्या टोकनमध्ये (प्रकल्पाने काढलेल्या डिजिटल नाण्यामध्ये) गुंतवणूक करण्याचा माझा विचार आहे. प्रकल्पाचा व्हाइटपेपर (योजनेची माहिती देणारा दस्तऐवज) वाचला, संकेतस्थळ नीटनेटके आहे, टेलिग्राम समूहात हजारो सदस्य आहेत आणि कोडचे ऑडिट झाल्याचेही ते सांगतात. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

पहिले उत्तर:
ठेवू नये. व्हाइटपेपर, संकेतस्थळ आणि सदस्यसंख्या या तिन्ही गोष्टी पैसे मोजून उभ्या करता येतात. मालकाच्या हाती कोणते अधिकार आहेत, हे आधी पाहावे. ब्लॉक एक्सप्लोररवर (व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता (टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता) टाकून कोड सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे का, मालकाला हवी तेवढी नवी टोकन काढता येतात का, इतरांची विक्री रोखता येते का, हे तपासा. तिथेच धारकांची यादीही दिसते. एक्स्चेंज आणि लिक्विडिटी पूल (खरेदी-विक्रीसाठी एकत्र ठेवलेला निधी) वगळूनही मोठा हिस्सा मोजक्या वॉलेटांत (टोकन ठेवण्याच्या खात्यांत) असेल, तर भाव कोसळवणे त्यांच्या हातात आहे. 2021 मध्ये 'स्क्विड' टोकनचा भाव गगनाला भिडला, पण बहुतेकांना ते विकताच आले नाही आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो जवळजवळ शून्यावर आला.

दुसरे उत्तर:
ऑडिटचा अहवाल ऑडिट करणाऱ्या संस्थेच्याच संकेतस्थळावर शोधावा आणि त्यातील कॉन्ट्रॅक्ट पत्ता जुळतो का, कोणत्या त्रुटी दुरुस्त न करता सोडल्या आहेत, हे वाचावे. शिवाय ऑडिट कोडचे होते, व्यवहाराच्या गणिताचे नव्हे. टेरा प्रकल्पात वर्षाला सुमारे 20 टक्के परतावा दिला जात होता. मे 2022 मध्ये डॉलरशी जोडलेले त्यांचे चलन कोसळले ते रचनाच तकलादू असल्यामुळे. परतावा नेमका कोणाच्या खिशातून येतो, याचे सरळ उत्तर मिळत नसेल तर मी तरी पैसे घालणार नाही.

तिसरे उत्तर:
संस्थापक निनावी असणे हा माझ्या मते आपोआप दोष ठरत नाही. बिटकॉइनचा निर्माता आजही अज्ञात आहे, पण त्याचा कोड खुला आहे आणि कोणाही एकाला नियम बदलता येत नाहीत. उलट वनकॉइन या घोटाळा ठरलेल्या चलनाच्या संस्थापिका व्यासपीठांवर उघडपणे वावरत होत्या, आणि त्यामागे खरी ब्लॉकचेन (व्यवहारांची सामायिक नोंदवही) नव्हतीच.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. लिक्विडिटी किती काळासाठी लॉक केली आहे, म्हणजे पूलमधील निधी त्यांना किती काळ काढून घेता येणार नाही, असे मी समूहात विचारले, तेव्हा कोणतेही उत्तर न देता माझा संदेश काढून टाकण्यात आला. त्यामुळे मी ही गुंतवणूक करणार नाही.

पहिले उत्तर देणारे:
निर्णय योग्य आहे. मात्र त्यांच्या संकेतस्थळाला वॉलेट जोडून टोकन खर्च करण्याची परवानगी दिली असेल, तर ती आजच रद्द करा. वॉलेट नुसते डिस्कनेक्ट केल्याने ती रद्द होत नाही.