हँडवायर्ड ट्यूब अ‍ॅम्प वाजवून बघायला जायचंय, तासाभरात काय काय तपासावं?

सहावी_तार:
नमस्कार मंडळी. रविवारी औंधला एक सेकंडहँड हँडवायर्ड अ‍ॅम्प बघायला जायचंय. परदेशातल्या एका छोट्या बिल्डरने फेंडरच्या ५ई३, म्हणजे ट्वीड डिलक्सच्या सर्किटवर बनवलाय. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, ५वाय३ रेक्टिफायर ट्यूब, १२ इंची एकच स्पीकर. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलंय, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर सोबत मिळणार आहे. तासभर वाजवू देणार आहेत आणि मागचं पॅनेल उघडायलाही त्यांची हरकत नाही. माझ्याकडे एक टेली (टेलीकास्टर, सिंगल कॉइल पिकअपची) आहे आणि एक हंबकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार. राहतो कोथरूडला, फ्लॅटमध्ये. काय आणि कोणत्या क्रमाने तपासू? मल्टीमीटर वापरता येतो, सोल्डरिंगही जमतं, पण ४०० व्होल्टच्या खोक्यात कधी हात घातलेला नाही.

ग्रिडलीक:
गिटार बॅगेतून काढायच्या आधी सॉकेट तपासा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्ही रीडिंग घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर अर्थिंग धड नाही, आणि मग ऐकू येणाऱ्या हमचा (सतत घुमणाऱ्या आवाजाचा) दोष अ‍ॅम्पला देता येणार नाही. त्याच सर्किटवर डिमर किंवा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू असेल तर बंद करायला सांगा. टेलीचे सिंगल कॉइल ते सगळं उचलतात.

स्टेपडाउन उलटा करून बघा. बाजारातले बरेचसे दोन पिनचे असतात आणि अर्थ पुढे नेतच नाहीत. तसा असेल तर अ‍ॅम्पची चासी (धातूचा सांगाडा) अधांतरी राहते. काही बिघडलं तर ती वीज तुमच्या तारांवाटे हातात येणार. अशा ट्रान्सफॉर्मरवर अ‍ॅम्प लावूच नका. हा अ‍ॅम्प साधारण ८०-१०० वॅट खातो, तेव्हा स्टेपडाउन किमान २०० व्हीएचा हवा.

आता अ‍ॅम्प. स्पीकरची वायर जोडलेली आहे याची खात्री केल्याशिवाय स्विच दाबायचा नाही. लोड नसताना जोरात वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका व्होल्टेज उसळतो की वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटतं. आणि ती वायर स्पीकरचीच हवी, गिटारची शील्डेड केबल नको.

चालू केल्यावर पाच मिनिटं काही वाजवू नका. खोलीत अंधार करून मागून ६व्ही६ कडे बघा. फिलामेंटचा नारिंगी प्रकाश असणारच. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी हरकत नाही. पण बाहेरची करडी प्लेट स्वतः लाल व्हायला लागली तर लगेच बंद. प्लेटांच्या मधल्या जागेत जांभळट धुकं दिसलं तर ट्यूबमध्ये गॅस आहे, ती ट्यूब गेली.

मग हम. इनपुटला काही न लावता दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. जो हम उरतो तो पॉवर सप्लाय किंवा पॉवर ट्यूबकडचा. व्हॉल्यूमसोबत वाढतो तो प्रीअ‍ॅम्पचा. सूरही ओळखा. सहाव्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा असतो. हम त्याच्या जवळपास असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायची वीज सपाट करणारे) थकलेत किंवा पॉवर ट्यूबची जोडी जुळत नाही. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झचा, म्हणजे हीटरच्या वायरिंगमधून नाहीतर अर्थ लूपमधून येतोय.

यानंतर व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन पेन्सिलीच्या रबरी टोकाने प्रत्येक ट्यूबवर हलकी टिचकी मारा. थोडा टकटक आवाज सगळेच देतात. टिचकी स्पीकरमधून घंटेसारखी वाजत राहिली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे. बहुतेक वेळा ती पहिल्या जागेवरची निघते, मूळ सर्किटमध्ये तिथे १२एवाय७ असते. ट्यूब बदलली की काम झालं, एवढ्यासाठी अ‍ॅम्प नाकारू नका.

वाजवताना आधी टेली, ब्राइट चॅनेल, व्हॉल्यूम तीनवर. नंतर न वापरलेल्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवून बघा. वापरात असलेल्या चॅनेलचा आवाज आणि ट्रेबल बदलतील. हा दोष नाही, ५ई३ मध्ये दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांना लोड करतात आणि या अ‍ॅम्पची निम्मी मजा त्यातच आहे. सहाच्या पुढे आवाज वाढत नाही, फक्त दबत आणि फाटत जातो. हंबकर लावल्यावर खालचे सूर चिखल वाटतील, कारण कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारे) ०.१ मायक्रोफॅरडचे आहेत, सगळा बेस आत जातो. दुसऱ्या इनपुटमध्ये लावून बघा, सिग्नल निम्मा होतो आणि बराच फरक पडतो.

शेवटी व्हॉल्यूम पूर्ण उघडून पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर लांब बेंड घ्या. सुराच्या खाली दुसरा बेसूर सूर रेंगाळताना ऐकू आला तर तो पॉवर सप्लायचा १०० हर्ट्झचा रिपल (पूर्ण सपाट न झालेली लहर) सुरात मिसळतोय. या सर्किटला थोडं भूत असतंच, ठळक असेल तर मात्र फिल्टर कपॅसिटर बदलायला झालेत. आणि एखाद्या ठरावीक नॉबच्या जागी आवाज अचानक पातळ, घुसमटलेला झाला तर कुठेतरी ऑसिलेशन आहे. ५ई३ ला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे फिरवणारी वाट) नाही, त्यामुळे संशय पहिला वायरींच्या मांडणीवर घ्यायचा.

पेठेतला_सोल्डर:
वरचं सगळं बरोबर. आतलं मी सांगतो.

बोर्ड कोणता आहे ते आधी बघा. ग्लास इपॉक्सीवर टरेट (सोल्डर करायच्या खुंट्या) असतील तर निश्चिंत. जुन्या फेंडरच्या पद्धतीचा मेणाचा काळा फायबर बोर्ड असेल तर तो दमट हवेत ओलावा धरतो आणि चक्क वीज वाहायला लागतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये असा अ‍ॅम्प तळणीसारखा चरचरतो आणि दिवाळीनंतर आपोआप शहाणा होतो, मग मालक म्हणतो दुरुस्त झाला. अ‍ॅम्प चालू असताना मीटरचं एक टोक चासीला आणि दुसरं बोर्डाच्या कोऱ्या जागेवर टेकवलं तर काही व्होल्ट दिसतात. पण चालू अ‍ॅम्पवर ही चाचणी तुम्ही करू नका, कुणी जाणकार सोबत असेल तरच.

बायस (काही न वाजवता पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहतो ते) बघण्यासाठी नॉब नसतो, कारण ५ई३ कॅथोड बायस आहे. दोन्ही ६व्ही६ मिळून २५० ओहम, ५ वॅटचा एकच मोठा रेझिस्टर असतो. समजा त्यावर १९ व्होल्ट मिळाले. १९ भागिले २५० म्हणजे ७६ मिलिअँपिअर, प्रत्येक ट्यूबला ३८. त्यातून स्क्रीनचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचे) साधारण २ वजा केले की ३६. प्लेट ते कॅथोड ३४० व्होल्ट असतील तर ट्यूबमागे १२.२ वॅट. ६व्ही६जीटीची जुनी मर्यादा १२ आणि नंतरची १४ वॅट. म्हणजे गरम, पण या सर्किटसाठी नेहमीचंच. हिशेब १५ च्या घरात गेला तर ट्यूब लवकर मरणार. रेझिस्टरची खरी किंमत आधी अ‍ॅम्प बंद असताना मोजून घ्या. बरेच बिल्डर २७० घालतात, तिथे २५० धरून भागलं तर उत्तर चुकतं.

फिल्टर कपॅसिटर मूळचे १६ मायक्रोफॅरडचे तीन. पहिल्या जागी कुणी ४७ चा घातला असेल तर ५वाय३ वर सुरुवातीला जास्त करंटचा मार पडतो. त्याचा व्होल्टेजही बघा. ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ चा असेल तर बिनलोडचं शिखर ४६० व्होल्ट होतं. ५वाय३ चटकन तापते, ६व्ही६ सावकाश, त्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद तिथे जवळजवळ पूर्ण ४६० येतात. ४५० चा कपॅसिटर तिथे कमी पडतो, ५०० चा हवा.

सुटे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बघायचे. १०० किलोओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर, ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर वगैरे. ५०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक मिळेलच असं नाही, आणि मिळाला तर किती वर्षं दुकानात पडून आहे तो तारखेचा कोड वाचून घ्या. नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

क्लीनटोन:
सगळे अ‍ॅम्प उघडायला निघालेत, फ्लॅटचं कुणी बोलतच नाहीये. ९८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरवर १५ वॅट म्हणजे एक मीटरवर सुमारे ११० डेसिबल. निवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५. १२ डेसिबलचा अटेन्युएटर (स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा डबा) लावला तरी जवळजवळ १ वॅट उरतो, म्हणजे ९८ डेसिबल. सोसायटीच्या सभेत तुमचा विषय निघणार हे धरून चाला.

म्हणून औंधला निम्मा वेळ तरी दीड-दोनवर वाजवा, घरी वाजवाल त्याच आवाजात. या अ‍ॅम्पचं नाव आहे ते सहावरच्या आवाजासाठी. दोनवर तो छान पण साधा वाटला आणि त्यावर तुमचं भागणार नसेल, तर पैसे वाचवा. स्पीकर कोणता आहे तेही विचारा. ९७ चा काढून १०० डेसिबलचा बसवला तर दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प घेतल्यासारखाच परिणाम होतो.

सहावी_तार:
खूप आभार. दोन शंका. स्टेपडाउनचा फोटो आला, तीन पिनचा आहे, पण त्यावर २३० ते ११० लिहिलंय, १२० नाही. चालेल का? आणि बायस मोजायचा तर चालू अ‍ॅम्पमध्ये प्रोब धरून बसायचं का?

ग्रिडलीक:
११० चालेल, उलट बरंच आहे. पुण्यात बऱ्याच भागात २४० च्या वर व्होल्टेज मिळतो. सॉकेटला २४५ असतील तर २३०:१२० च्या स्टेपडाउनमधून १२८ बाहेर पडतात आणि ६.३ चा हीटर ६.७ वर जातो. दहा टक्क्यांत बसतं, पण प्लेट व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतो आणि वर काढलेला बायसचा हिशेब बिघडतो. २३०:११० मधून त्याच वेळी ११७ येतात.

शिवाय आतल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलंय का बघा. नुसतं ६० असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याच्या गाभ्यात २० टक्के जास्त फ्लक्स होतो, तो गरम होतो आणि गुरगुरतो. १२० ऐवजी ११० दिले की ती वाढ १० टक्क्यांवर येते. अर्धा तास वाजवल्यावर ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवा. गरम लागणारच, पण हात ठेववत नसेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. बदललात आणि थेट २३० चा बसवलात तर फ्यूजही निम्मा करा, २ अँपिअरच्या जागी १ अँपिअरचा स्लो ब्लो. हे हमखास राहून जातं.

पेठेतला_सोल्डर:
प्रोब हातात धरायचे नाहीत. अ‍ॅम्प बंद, प्लग काढलेला. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपा लावून पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्हपासून चासीपर्यंत दहा सेकंद धरा, मग मीटरने ५ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. बाकीच्या दोन कपॅसिटरवरही मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

मग मीटरच्या मगरक्लिपा कॅथोड रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा, हात बाहेर, अ‍ॅम्प चालू, पाच मिनिटांनी आकडा वाचा, बंद करा. पुन्हा डिस्चार्ज. दुसऱ्या फेरीत काळी क्लिप ६व्ही६ च्या ८ नंबरच्या पिनला, लाल ३ नंबरला, मीटर १००० व्होल्ट डीसीवर. हा प्लेट ते कॅथोड. तिसऱ्या फेरीत काळी चासीला आणि लाल ५ नंबरला, ती ग्रिड. तिथे शून्य हवं. अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तर ती ट्यूब काढून पुन्हा मोजा. व्होल्टेज तसाच राहिला तर कपलिंग कपॅसिटर गळतोय, गेला तर ट्यूबच खराब. दोन्ही सॉकेटना करा, पिना खालून मोजताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेने जायचं.

मालक समोर बसलेले असताना हे सगळं उरकत नसेल तर निदान पहिली फेरी करा. एवढ्यातही १९ च्या ऐवजी २५ व्होल्ट दिसले तर पुढचं मोजायची गरज नाही, घासाघीस तिथूनच सुरू करा.