'बुलिंग'ला मराठीत काय लिहावं?

पाटीपेन्सिल: मुलाच्या शाळेचं पालकांसाठीचं पत्रक मराठीत करून देतेय. 'बुलिंग'ला 'दादागिरी' लिहिलं, बाईंनी खोडलं. म्हणाल्या, सहावीतल्या चौघींनी एकीला डबा खायला सोबत घेणं बंद केलंय, यात दादागिरी कुठाय? पटलं. मग 'चिडवणे' लिहिलं, तर फारच मिळमिळीत वाटतंय. सुचवा.

वरणफळ: डब्याचं प्रकरण म्हणजे वाळीत टाकणं. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६चा कायदा आहे की! (जातपंचायतींसाठी आणला होता, पण असो.)

भरडधान्य: छळ. दोन अक्षरी, पत्रकात बसतो.

पाटीपेन्सिल: 'छळ' म्हटलं की सासर, हुंडा आणि पोलीसच आठवतात. पालक घाबरतील.

भरडधान्य: घाबरू देत की.

शेवटचा बाक: 'चिडवणे'बद्दल थोडं. मी लहानपणी अडखळत बोलायचो (फोनवर अजूनही), वर्गात नक्कल व्हायची. घरी सांगितलं की बाबा म्हणायचे, "तू चिडतोस म्हणून चिडवतात. चिडू नकोस, आपोआप थांबतील." खूप वर्षांनी वाटलं, यात बाबांइतकाच दोष त्या क्रियापदाचाही आहे. रडणे-रडवणे तसं चिडणे-चिडवणे, प्रयोजक. समोरचा चिडला तरच ते पुरं होतं. मी चिडायचोच नाही. वर्गात बोलणं बंद केलं होतं. मग माझ्याशी जे चाललं होतं त्याला काय म्हणायचं?

वरणफळ: आईवडील व्याकरण बघून बोलत नाहीत हो. आमच्याकडे आईचं ठरलेलं, "आधी तू काय केलं होतंस?" आणि बाबांचं, "एक ठेवून द्यायचीस." यात कुठलं प्रयोजक?

सरळरेघ: तसंही 'दादागिरी'तलं 'गिरी' फारसी. 'पीडन' हा स्वच्छ शब्द असताना उसनवारी कशाला?

भरडधान्य: म्हणजे पोरगं घरी येऊन सांगणार, "आई, मधल्या सुट्टीत माझं पीडन झालं"?

सरळरेघ: वापरलं की रुळतं.

भरडधान्य: १९९९ साली कायदा झाला, तरी आपण त्याला रॅगिंगचा कायदाच म्हणतो. रुळलं काहीच नाही.

वरणफळ: अवांतर, पण गंमत आहे. इंग्रजीतला 'बुली' सोळाव्या शतकात लाडाचा शब्द होता, 'प्रिय' अशा अर्थाचा. आणि आपला दादा मुळात थोरला भाऊ. दोन्हीकडे घरचंच माणूस बिघडलं.

माळावरची: आमच्या आजीचा शब्द 'खोड काढणे'. कुणी उगाच त्रास दिला की "त्यानं माझी खोड काढली".

सरळरेघ: 'खोडी' काढतात. खोड मोडतात नाहीतर जिरवतात.

माळावरची: आजी जन्मभर खोडच काढत होती.

पाटीपेन्सिल: पत्रक उद्या छपाईला जातंय. तूर्त 'बुलिंग'च ठेवलं आणि खाली साध्या मराठीत लिहिलं: नक्कल करणे, नावं ठेवणे, डबा खाताना वगळणे, मारणे. बाकाकडच्या प्रश्नाला शब्द सापडला तर मात्र सांगा, आजही चालेल.

सरळरेघ: खोड म्हणजे सवय. दुसऱ्याची सवय तुम्ही काढणार कशी?

माळावरची: आणि झाडाचं खोड?

सरळरेघ: त्यासाठी वेगळा धागा काढा.